सोयाबीन घरात आलं की नेपाळच्या डोंगरात: घोडेपाणी-पूनहिल ट्रेकची पूर्ण तयारी, गावातल्या मित्रांसाठी

दरवर्षी दिवाळी झाली की गावातली पाच-सहा पोरं तरी विचारतात, दादा नेपाळले कसे गेले, किती लागले, पासपोर्ट लागते का, आमाले जमते का. फोनवर अर्धं सांगून होते आणि अर्धं राहून जाते, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतो. आम्ही पाच मित्र, यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडचे. तिघं शेती करतो, एक जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे, एकाचं किराणा दुकान आहे. दोनदा गेलो. पहिल्या वेळेस एक मोठी चूक झाली आणि अर्ध्यातून परत आलो, दुसऱ्या वेळेस पाचही जण वर जाऊन पाचही जण धड खाली आलो. ती चूक काय होती ते पुढे सांगतो, आणि खरं सांगायचं तर बूट-स्वेटरच्या यादीपेक्षा तेच जास्त ध्यानात ठेवा.

कुठे जायचं ते आधी सांगतो. नेपाळातल्या पोखरा शहराच्या वर अन्नपूर्णा भागात घोडेपाणी, पूनहिल, ताडापानी, घांद्रुक असा चार-पाच दिवसांचा रस्ता आहे. पूनहिल ३,२१० मीटर. बर्फावर चढायचं नाही, दोर लागत नाही, तंबू लागत नाही, रोज संध्याकाळी लॉजमध्ये पलंग आणि गरम जेवण भेटते. पहिल्यांदा हिमालयात जाणाऱ्या मित्रांसाठी मला तरी याच्यापेक्षा चांगला रस्ता माहीत नाही. अन्नपूर्णा बेस कॅम्प ४,१३० मीटरवर आहे, तो पहिल्याच झटक्यात करू नका.

कधी जायचं

नेपाळमध्ये पावसाळा साधारण सप्टेंबरच्या शेवटी उतरतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दोन महिने आभाळ धुतल्यासारखं असते. पण आपल्याकडे हाच हंगाम असतो, सोयाबीन सोंगून गंजी लागलेली, थ्रेशरवाल्याचा नंबर यायचा, वरून परतीच्या पावसाचा धाक, अशा वेळेस वावर सोडून कोणी जाऊ शकत नाही आणि जाऊही नये. आमचा अनुभव असा की सोयाबीन घरात पडलं, हरभरा पेरून झाला, सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) करून कापसाची पहिली वेचणी निघाली की नोव्हेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा मोकळा सापडतो. हरभऱ्याला पाणी द्यायला आणि रात्रीच्या लाईनवर मोटार चालू करायला भावकीतला किंवा शेजारचा माणूस आधीच सांगून ठेवा, नाही तर डोंगरावर बसून मोटारीचीच काळजी करत बसाल.

उशिरा जाण्याचा दुसराही फायदा आहे. दसऱ्याच्या सुमारास नेपाळात दशैं असतो आणि दिवाळीला तिहार, तेव्हा सगळा देश आपापल्या गावाला निघतो, बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, ऑफिसं बंद असतात. नोव्हेंबरमध्ये ही गर्दी गेलेली असते. थंडी मात्र जास्त, ती कपड्यांनी निभते.

आणि हवामानाला हलकं घेऊ नका. २०१४ साली हुदहुद चक्रीवादळ १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणमला धडकलं आणि त्याचंच उरलेलं पाणी १४ तारखेला अन्नपूर्णाच्या पलीकडच्या थोरोंग ला खिंडीत बर्फ होऊन पडलं, त्यात त्या सगळ्या भागात मिळून ४३ माणसं गेली. आपण बंगालच्या उपसागरात काही तयार होऊन राहिलं असं ऐकलं की सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकतो, तेच वादळ दोन दिवसांनी तिकडे डोंगरावर पोचू शकते. म्हणून निघायच्या आठवड्यात उपसागरात कमी दाबाचा पट्टा दिसला तर एक-दोन दिवस थांबा.

कागदं आणि पैसा

भारतीयाला नेपाळचा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट असला तर उत्तम, नसला तर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालते, पण ओरिजिनल पाहिजे, झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो नाही. आधार कार्डाच्या भरवशावर जाऊ नका, १५ ते ६५ वयाच्या माणसासाठी ते या प्रवासाला धरत नाहीत. आमच्यातल्या एकाच्या मतदार कार्डावरचा फोटो अठराव्या वर्षाचा, ओळखूच येत नव्हता, त्याने दोन महिने आधी तहसीलमधून नवीन करून घेतलं. तुम्हीही घरचं कार्ड आजच काढून पाहा. आणि पासपोर्ट साईझचे सहा फोटो सोबत ठेवा, परमिटला लागतात, सिमकार्डालाही लागतात.

पैशाचा हिशोब सोपा आहे, आपले १०० म्हणजे नेपाळी १६०, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. शंभराच्या नोटांचं एक बंडल घेऊन जा, त्या कुठेही चालतात, पाचशेच्या नोटांवर विसंबून राहू नका. बाकीचे पैसे बॉर्डरवर किंवा पोखऱ्यात बदलून घ्या. पोखऱ्यात काही दुकानात आपला यूपीआय स्कॅन होते पण डोंगरावर ते विसरायचं, वर नगदच लागते, म्हणून चालायला लागायच्या आदल्या दिवशी पूर्ण ट्रेकचे पैसे नेपाळी नोटांमध्ये खिशात पाहिजे, आणि ते पाचही जणांच्या खिशात वाटून ठेवायचे, एकाच्याच बॅगेत नाही.

परमिट दोन आहेत. एक अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं, आणि दुसरं टिम्स नावाचं ट्रेकरचं नोंदणी कार्ड. आम्हाला भारतीय म्हणून दोन्हीचे नेपाळी हजार-हजार लागले, म्हणजे आपले ६२५ एकेकाचे, गोऱ्या लोकांना याच्यापेक्षा बरेच जास्त लागतात म्हणून ओळखपत्र दाखवून सार्क देशाचा दर मागून घ्या. एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरला लायसन्सवाला गाईड घ्यायचा नियम झाला आहे. पोखऱ्यात नोंदणी असलेल्या एजन्सीकडून गाईड घेतला की परमिट-टिम्स तेच काढून देतात. दिवसाचा दर, त्यात त्याचं जेवण-राहणं धरलं का नाही, हे कागदावर लिहून घ्या. पाच जणांत वाटला तर गाईड जड जात नाही, आणि माझं मत विचाराल तर नियम नसता तरी मी घेतला असता.

आमचं दुसऱ्या वेळेस घरून घरी माणशी पंचवीस हजाराच्या आसपास गेलं, बूट सोडून. त्याशिवाय प्रत्येकाने विमा काढला होता. विमा काढताना दोन गोष्टी स्पष्ट विचारा, ट्रेकिंग किती मीटर उंचीपर्यंत धरता आणि हेलिकॉप्टरने खाली आणायचा खर्च देता का. नाही म्हणले तर दुसरा पाहा.

पाय गावातच तयार होतात

आम्ही शेतकरी माणसं, दिवसभर वावरात उभे असतो, आमाले काय तयारी पाहिजे, असं सगळेच म्हणतात आणि आम्हीही म्हणलं होतं. पण वावरातलं चालणं सपाट असते. डोंगरावर चढायला दम लागतो आणि उतरायला गुडघे लागतात, आणि जास्त माणसं उतरतानाच लंगडतात. घांद्रुकच्या बाजूला तासन् तास दगडी पायऱ्या उतरायच्या असतात.

म्हणून दोन महिने आधीपासून आठवड्यातून चार दिवस तासभर जोरात चाला, आणि गावाजवळ जी काही टेकडी असेल, देवीची, महादेवाची, तिच्या पायऱ्या पाठीवर पाच-सहा किलोची बॅग घेऊन चढा-उतरा. पायऱ्या नसतील तर शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जिन्यावर करा, मास्तरने तर पूर्ण तयारी शाळा सुटल्यावर जिन्यावरच केली. उतरताना मुद्दाम हळू उतरा, मांडीच्या समोरच्या भागाला ताण आला पाहिजे, तोच स्नायू तिकडे गुडघा वाचवते. एक-दोन रविवार मोठं चालणं ठेवा. अकोटच्या वर नरनाळा किल्ला आहे, शहानूरच्या गेटवर नोंद करून जाता येते. चिखलदऱ्याला वैराट, गाविलगड आहे. चिखलदरा अकराशे मीटरच्या वर आहे, आपल्या विदर्भात याच्यावर फारसं काही नाही, आणि ट्रेकमध्ये आपण पहिल्याच मुक्कामाला याच्या जवळपास दुप्पट उंचीवर झोपतो. हा आकडा मनात ठेवा.

ही मोठी चालणी पाचही जणांनी एकत्र करायची. कोण पुढे पळतो, कोण मागे राहतो, कोण दम लागला तरी बोलत नाही, कोणाला भूक लागली की चिडचिड होते, हे सगळं नरनाळ्यावरच कळून जाते.

बीपी, शुगर, दमा, हृदयाचं काही असलं तर डॉक्टरला आधी दाखवा. चाळिशीच्या वर असाल तर काही नसलं तरी दाखवा.

अंगावर, पायात, पाठीवर

आपण कापूस पिकवणारी माणसं, पण डोंगरावर अंगाला लागून कापूस नको. सुती बनियन घामाने ओलं झालं की वाळत नाही, थांबलं की तेच ओलं कापड पाठ गार करते आणि हुडहुडी भरते. अंगाला लागून पॉलिएस्टरचं खेळायचं टी-शर्ट, त्यावर फ्लीस किंवा स्वेटर, त्यावर वारा-पाणी अडवणारं जॅकेट, असे तीन थर. चढताना वरचे दोन काढायचे, थांबलं की लगेच घालायचे, घाम वाळायची वाट पाहायची नाही. दर हजार मीटरला साधारण साडेसहा डिग्री उतरते. नागपूर ३१० मीटरवर आहे, म्हणजे पूनहिल नुसत्या उंचीने नागपूरपेक्षा जवळपास १९ डिग्री थंड. नोव्हेंबरात पहाटे तिथं पारा शून्याच्या आसपास असतो आणि वारा वेगळा. कानटोपी, हातमोजे, झोपताना थर्मल, हे पाहिजेच. जाड जॅकेट विकत घ्यायची गरज नाही, पोखऱ्यात लेकसाइडला जॅकेट आणि स्लीपिंग बॅग दिवसाच्या भाड्याने भेटते.

बूट मात्र भाड्याने नाही आणि नवेही नाही. घोट्याच्या वर येणारे, खाली चांगली पकड असलेले, नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे, आणि दोन महिने रोज तेच घालून वावरात जायचं. उतरताना अंगठा समोर आदळून नख काळं पडते, म्हणून निघायच्या आधी नखं कापा. मोजे लोकरीचे किंवा सिंथेटिक, तीन जोड. पायाला कुठे गरम लागलं, घासल्यासारखं वाटलं की तिथल्या तिथे थांबून मेडिकलची चिकटपट्टी लावायची, फोड आल्यावर लावून उपयोग नाही.

काठी प्रत्येकाला एक तरी, उतरताना दोन असल्या तर सोन्याहून पिवळं. बांबूची चालते. हेडलॅम्प, पॉवर बँक (थंडीत मोबाईलची बॅटरी पटकन उतरते, रात्री पांघरुणात घेऊन झोपा), गॉगल, उन्हाची क्रीम, रेनकोट, दोन लिटर पाण्याच्या बाटल्या, क्लोरीनच्या गोळ्या. तो भाग १९८६ पासून संरक्षित आहे आणि वर प्लास्टिकच्या बाटल्या नेऊ नये असा आग्रह असतो, गावागावात फिल्टरचं पाणी भरून भेटते. घरून गूळ-शेंगदाणे, फुटाणे, चिवडा आणि ठेचा न्या, ठेचा खरंच न्या, चार दिवस वरण-भातावर तोच आधार होता. पूर्ण बॅग आठ किलोच्या आत. हमाल घेतला, तिकडे पोर्टर म्हणतात, तर दोघांमागे एक आणि त्याच्या पाठीवर वीस किलोच्या आत वजन, आणि त्याच्या अंगात गरम कपडे, पायात बूट आहेत का ते आपण पाहायचं. आपल्याकडेही बाहेरून मजूर येतात, त्यांचं जसं पाहतो तसंच.

औषधाची पिशवी: पॅरासिटामॉल, ओआरएस, जुलाबाची गोळी, उलटीची गोळी, पट्टी, कापूस, मलम, आपापली रोजची औषधं. या पिशव्या दोन करा. का ते आता येते.

पोखऱ्यापर्यंत

नागपूरहून राप्तीसागर एक्सप्रेस थेट गोरखपूरला जाते, बल्लारशावरूनही बसता येते, रोज नसते म्हणून वार पाहून रिझर्वेशन करा. जवळपास एक दिवसाचा प्रवास आहे. गोरखपूरहून सुनौली बॉर्डर शंभर किलोमीटरच्या आसपास, बस आणि जीप दोन्ही भेटतात. बॉर्डर पायी ओलांडायची, पलीकडे भैरहवा. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. नेपाळी सिम घ्या, आपलं सिम रोमिंगशिवाय मुकं होते. भैरहवाहून पोखरा पाल्पाच्या घाटातून १८० किलोमीटरच्या वर आहे आणि आठ-नऊ तास सहज लागतात. दिवसाचीच बस धरा. रात्रीची स्वस्त वाटते, पण घाटात कुठे दरड पडलेली असते, कुठे रस्ता खणलेला असतो, आणि गाडी लागणाऱ्याचं तर विचारूच नका.

पोखऱ्यात एक पूर्ण दिवस थांबा. परमिट, भाड्याचं सामान, पैसे, आणि झोप. बोलायची अडचण नाही, पाट्या आपल्याच लिपीत, हिंदी सगळ्यांना समजते, तरी दाजू म्हणजे दादा, दिदी, तातो पानी म्हणजे गरम पाणी, उकालो म्हणजे चढ, ओरालो म्हणजे उतार, आणि बिस्तारै म्हणजे हळू, हे शब्द शिकून घ्या. बिस्तारै सगळ्यात आधी.

पहिल्या वेळेस काय झालं

पोखरा ८०० मीटरच्या थोडं वर आहे. पहिल्या वेळेस आम्ही एक दिवस वाचवायच्या नादात पहाटे जीप केली, नयापूलवरून थेट उल्लेरीपर्यंत गाडीने गेलो आणि तिथून त्याच दिवशी घोडेपाणीला निघालो. घोडेपाणी २,८७० मीटरच्या जवळपास. म्हणजे एका दिवसात दोन हजार मीटर. तेव्हा गाईड सक्तीचा नव्हता, घेतला नव्हता. दोघं जण तगडे, ते पुढे निघून गेले, आम्ही दोघं मधात, आणि किराणा दुकानवाला मित्र मागे. प्रत्येकाला वाटे तो दुसऱ्यासोबत आहे. नांगेथाँटीच्या पुढे जंगलात त्याचं डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली, आणि तो एका दगडावर बसून राहिला. औषधाची पिशवी पुढच्या दोघांच्या बॅगेत, त्याचं जॅकेटही त्यांच्याकडे, वजन कमी व्हावं म्हणून दिलेलं. खेचरं घेऊन वर येणाऱ्या एका माणसाने आम्हाला गाठून सांगितलं की तुमचा साथी खाली बसला आहे. आम्ही परत गेलो तेव्हा त्याला एकटं बसून दीड तास झाला होता आणि तो थंडीने कापत होता. तो म्हणे, मी आवाज देल्ला, कोणी आलं नाई. तो आवाज आम्हाला आला नव्हता, पण आम्ही मागे वळूनही पाहिलं नव्हतं, आणि ही गोष्ट मला आजही झोंबते.

त्याला हळूहळू घोडेपाणीला आणलं, रात्रभर पाळीने जागलो, सकाळीही डोकं तसंच होतं म्हणून पाचही जण खाली उल्लेरीला उतरलो. दुपारपर्यंत तो जेवायला लागला. उंचीच्या आजाराला उतरण्यासारखं औषध नाही, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

त्यानंतर घरी बसून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आणि दुसऱ्या वेळेस एकही मोडली नाही. सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे, त्याच्या पायाने बाकीचे. शेवटी कायम एकच ठरलेला माणूस, आमच्यात मास्तर, तो कोणालाही मागे सोडत नाही. रस्ता फुटला की थांबायचं आणि मोजून पुढे जायचं. औषधाची एक पिशवी पुढे, एक मागे, आणि ज्याचं जॅकेट त्याच्याच पाठीवर. डोकं दुखलं तर लपवायचं नाही, रोज संध्याकाळी चहाच्या वेळेस प्रत्येकाने आपलं सांगायचं: डोकं, भूक, लघवीचा रंग, पाय. आणि कोणाला खाली जावं लागलं तर त्याच्यासोबत कोण जाणार हे घरूनच ठरलेलं, वर गेल्यावर त्याची चर्चा नाही. ज्याच्या नावावर हे आलं त्याने आधीच मनातून पूनहिल सोडून दिलं पाहिजे, तरच तो आनंदाने उतरतो.

उंचीचं थोडं समजून घ्या. पूनहिलवर हवेचा दाब समुद्रकाठाच्या साधारण दोन तृतीयांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू साधारण एक तृतीयांश कमी. अडीच हजार मीटरच्या वर डोकेदुखी आणि त्यासोबत मळमळ, चक्कर, भूक जाणे, झोप न लागणे असं काही आलं की तो उंचीचा आजारच समजा. मग त्या दिवशी आणखी वर नाही. आराम, पाणी, पॅरासिटामॉल, आणि कमी झालं नाही तर खाली. माणूस सरळ रेषेत एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावून चालू शकत नसला, तोल गेला, बरळायला लागला, किंवा बसल्या जागी दम लागून राहिला, तर रात्र असो की पाऊस, लगेच खाली उतरवा, हा जीवावरचा प्रकार आहे. तीन हजारांच्या वर मुक्काम करायचा झाला तर रोजची झोपायची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. डायमॉक्स नावाची गोळी असते पण ती आपल्या मनाने नाही, सल्फा औषधाची अ‍ॅलर्जी असणाऱ्याला ती धोक्याची ठरू शकते, डॉक्टरला विचारूनच. आणि वर असेपर्यंत दारू नाही. यात आम्ही कोणालाच सूट दिली नाही.

नेपाळात पोलीस १००, अ‍ॅम्ब्युलन्स १०२, टुरिस्ट पोलीस ११४४. कागदावर लिहून खिशात ठेवा.

चालायचे दिवस

पहिला दिवस. पोखऱ्याहून जीपने हिलेपर्यंत, तिथून पायी तिखेढुंगा, मग उल्लेरीचा चढ. तीन हजारांवर दगडी पायऱ्या आहेत. गाडी वर जाते हे खरं, पण या पायऱ्या चढून उल्लेरीतच झोपायचं, दोन हजार मीटरच्या आसपास, म्हणजे अंगाला सवय लागते. बोलता बोलता चढता आलं पाहिजे, बोलताना वाक्य तुटायला लागलं म्हणजे वेग जास्त झाला. पन्नास पावलं आणि दहा श्वास, असं आम्ही केलं. खेचरांची रांग आली की डोंगराच्या बाजूला भिंतीला चिकटून उभं राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही, त्यांच्या पाठीवरच्या ओझ्याचा धक्का लागतो.

दुसरा दिवस उल्लेरी ते घोडेपाणी, चार-पाच तास, बांथाँटीनंतर सगळं गुरांस नावाच्या फुलझाडाचं (ऱ्होडोडेंड्रॉन) जंगल. तिकडच्या लोकांचं हे राष्ट्रीय फूल, ते मार्च-एप्रिलमध्ये फुलते, आपण जातो तेव्हा फूल नसते पण शेवाळ चढलेली जुनी झाडं आणि मधून पडणारं ऊन पाहून मेळघाटातल्या माणसालाही थांबावं वाटेल. दुपारी दोनच्या आत पोचायचं, ढग दुपारनंतरच येतात आणि अंधार साडेपाचलाच पडतो. घोडेपाणी म्हणजे खरंच घोड्यांना पाणी पाजायची जागा, जुन्या व्यापाराच्या वाटेवरची.

जेवण वरण-भात-भाजी, तिकडे दालभात म्हणतात, भात-वरण पुन्हा पुन्हा वाढतात म्हणून तेच घ्या, बाकी सगळं वर जाल तसं महाग होत जाते कारण ते कोणाच्या तरी पाठीवरून आलेलं असते. मोमोमध्ये रेड्या-म्हशीचं मटन असू शकते, शाकाहारी असाल तर आधी विचारा. ज्या लॉजमध्ये झोपता तिथेच जेवायचं, खोली त्यामुळेच स्वस्त असते.

तिसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला हेडलॅम्प लावून पूनहिल, पाऊण ते एक तासाचा चढ. रिकाम्या पोटी नको, गरम पाणी आणि चार बिस्किटं खाऊन निघा. वर वारा असतो, घाम आला की उभं राहवत नाही, म्हणून अगदी मुंगीच्या पायाने. मग समोर डावीकडे धवलगिरी ८,१६७ मीटर, उजवीकडे अन्नपूर्णा दक्षिण ७,२१९, तिच्या मागे अन्नपूर्णा पहिली ८,०९१, आणि माशाच्या शेपटीसारखं माछापुच्छ्रे ६,९९३, ज्याच्यावर पवित्र म्हणून चढू देत नाहीत. अन्नपूर्णा पहिली हे आठ हजाराच्या वरचं माणसाने चढलेलं सगळ्यात पहिलं शिखर, ३ जून १९५०, दोन फ्रेंच माणसं होती. आमच्या आईला हे काही माहीत नव्हतं. तिच्या देवघरात तिच्या माहेरची लग्नातली अन्नपूर्णा आहे, बोटाएवढी, तांदळात बसवलेली. निघताना तिने त्यातले चिमूटभर तांदूळ पुडीत बांधून देल्ले, म्हणे, तिच्या पायाशी चाललास बाप्पा, रिकाम्या हातानं नको जाऊ. पहिल्या वेळेस ती पुडी तशीच परत आली होती. दुसऱ्या वेळेस धवलगिरीच्या टोकावर लाल उजेड पडला, मग तो सरकत सरकत अन्नपूर्णेवर आला, आणि मी ते तांदूळ दगडाशी ठेवले. दुकानवाला मित्र माझ्या बाजूलाच उभा होता.

फोटो काढून झाले की लवकर उतरा, नाश्ता करा आणि ताडापानीकडे निघा, पाच-सहा तास. सुरुवातीला देउरालीपर्यंत पुन्हा चढ आहे, तीन हजारांच्या थोडं वर, आणि पहाटेच्या चढाने पाय आधीच थकलेले असतात म्हणून हा दिवस सगळ्यात लांब वाटतो. पुढे ओढ्याच्या काठाने उतार, ओल्या जागी सावलीत पहाटेचा बर्फ राहिलेला असू शकते, तिथे काठी आधी टेकवा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेलात तर या जंगलात जळवा असतात, मिठाची पुडी ठेवा.

चौथा दिवस ताडापानी ते घांद्रुक, तीन-चार तास, सगळा उतार. गुडघ्याला पट्टा असेल तर आज बांधा, पावलं छोटी, तिरपं उतरा. घांद्रुक गुरुंग लोकांचं गाव, दगडाची घरं, पाटीच्या दगडाचं छप्पर, अंगणात मक्याची कणसं टांगलेली, कोदोचं पीक वाळत घातलेलं. कोदो म्हणजे आपली नाचणी. आमच्यातल्या तिघांनी तिथं पूर्ण दुपार एका म्हाताऱ्या आजोबांसोबत कोठार, बियाणं, वानरांचा त्रास, यावर बोलण्यात घालवली, हिंदीत, आणि वानरांचा त्रास आपल्या रोही-डुकरांसारखाच निघाला. घाई करून त्याच दिवशी जीपने पोखऱ्याला जाऊ नका, एक रात्र इथं राहाच, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी भेटते.

परतीचं रिझर्वेशन काढताना मधात एक दिवस रिकामा सोडा. दुसऱ्या वेळेस पाल्पाच्या अलीकडे रस्त्यावर दरड आली होती, सहा तास बस जागची हलली नाही, बाकीचे प्रवासी फोनवर तिकिटं कॅन्सल करत होते आणि आम्ही रस्त्याच्या कडेला बसून उरलेला चिवडा संपवला. गाडी दुसऱ्या दिवशीची होती.